किलोटनचा आकडा येतो कुठून? पहिल्या अणुचाचण्यांमधली मोजणी आणि सर्वेक्षण

विचारणाऱ्याचे प्रश्न तीन आहेत. पहिल्या अणुचाचण्यांत ‘वीस किलोटन’ (म्हणजे वीस हजार टन टीएनटी या स्फोटकाच्या बरोबरीची) वगैरे ताकद ठरवली कशी, जवळची यंत्रं तर जळूनच गेली असतील ना? भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने कागदाचे कपटे सोडून ताकद काढली ही गोष्ट खरी की दंतकथा? आणि या सगळ्यात सर्व्हेअरचं काम काय होतं?

मी अणुशास्त्रज्ञ नाही. माझी नोकरी भूमापनात आणि सुरुंगांची कंपनं मोजण्यात गेली: धरणाचे पाये, बोगदे, दगडखाणी. त्यामुळे उत्तर मोजणी करणाऱ्याच्या बाजूने देतो. बॉम्ब आतून कसा चालतो हे इथे सोडून देतो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. किलोटन मोजणारं यंत्र अस्तित्वात नाही. यंत्र दाब मोजतं, वेळ मोजतं, अंतर किंवा कोन मोजतं, नाहीतर नमुन्यातली किरणोत्सारिता मोजतं. किलोटन हा त्यावरून केलेल्या गणिताचा निकाल. आणि ते गणित कितपत खरं उतरणार, याचा बराचसा फैसला स्फोटाच्या कित्येक दिवस आधी, खुंट्या ठोकल्या तेव्हाच झालेला असतो.

ट्रिनिटी, म्हणजे जगातली पहिली अणुचाचणी घेऊ. १६ जुलै १९४५, पहाटे साडेपाच, न्यू मेक्सिकोतलं जोर्नादा देल मुएर्तो नावाचं कोरडं मैदान. बॉम्ब १०० फुटी पोलादी मनोऱ्यावर. हा मनोरा म्हणजे शून्य बिंदू, बाकी सगळं त्याच्यापासून मोजलेलं. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन दिशांना दहा-दहा हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९.१ किलोमीटरवर, मातीखाली दडवलेले निरीक्षण-निवारे. ८०० यार्डांवर कॅमेऱ्यांचे काँक्रीटचे बंकर. मुख्य तळ सुमारे १६ किलोमीटरवर. चाचणीची सूत्रं केनेथ बेनब्रिज या भौतिकशास्त्रज्ञाकडे.

लोकांना १६ जुलै आठवते. धंद्यातल्या माणसाला ७ मे १९४५ जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी त्याच परिसरात २० फुटी लाकडी मचाणावर शंभर टनांहून थोडं जास्त टीएनटी रचून उडवलं. हॅनफर्डच्या अणुभट्टीतून आणलेली थोडी किरणोत्सारी द्रव्यंही त्या ढिगात घातली होती, म्हणजे ती किती आणि कुठवर पसरतात याचा अंदाज यावा. हे होतं कॅलिब्रेशन. टीएनटीचं वजन माहीत, अंतर माहीत. आता गेज, म्हणजे दाबमापक, काय दाखवतो ते पाहा. ज्या गेजला ज्ञात स्फोट कधी दाखवलेलाच नाही, त्याच्या अज्ञात स्फोटाच्या रीडिंगला काडीची किंमत नाही. तालमीतून उणिवाही बाहेर आल्या: रस्ते अपुरे, टेलिफोनच्या तारा अपुऱ्या, केबलींचं संरक्षण अपुरं. सव्वादोन महिन्यांत त्यांतल्या बऱ्याचशा दुरुस्त झाल्या.

आता फर्मी. गोष्ट खरी आहे आणि त्याने स्वतः ती लिहून ठेवली आहे. तो तळाजवळ, सुमारे दहा मैलांवर होता. स्फोटानंतर अंदाजे चाळीस सेकंदांनी दाबलाट पोचली. त्याने सहा फुटांच्या उंचीवरून कागदाचे कपटे लाट येण्याआधी, येताना आणि गेल्यावर असे सोडले. वारा पडलेला होता. लाटेच्या वेळचे कपटे सुमारे अडीच मीटर सरकले. त्यावरून त्याने अंदाज केला, दहा हजार टन टीएनटी.

ही गोष्ट सांगताना लोक ‘आणि तो जवळपास बरोबर ठरला’ असं म्हणून मोकळे होतात. त्यात थोडी गफलत आहे. त्या चाचणीची अधिकृत ताकद पुढे वर्षानुवर्षं २१ किलोटन मानली गेली. फर्मीचा आकडा त्याच्या निम्मा. पण गंमत अशी की महागड्या, नीट बसवलेल्या दाबमापकांनीही दहा किलोटनच्या आसपासच उत्तर दिलं. कारण दोघांनी एकच गोष्ट मोजली होती: हवेला बसलेला धक्का. अणुस्फोटातली जवळजवळ निम्मी ऊर्जाच धक्क्यात जाते. उरलेली उष्णता, प्रकाश आणि किरणोत्सारात जाते आणि ती कागदाच्या कपट्याला ढकलत नाही. म्हणजे फर्मीचं मोजमाप चुकलं नव्हतं. धक्क्याच्या हिशेबाने ते चोख होतं.

त्या दाबमापकांपैकी एक जात मला विशेष आवडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. एक भक्कम पेटी. तिच्या झाकणाला वेगवेगळ्या व्यासांची गोल भोकं आणि त्यांच्यावर ताणून बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. दाबलाट आली की मोठ्या भोकावरचा पत्रा आधी फाटतो, कारण मोठ्या पडद्याला फाटायला कमी दाब पुरतो. लहान भोकांवरचे टिकतात. स्फोटानंतर पेटी आणायची आणि पाहायचं, फाटलेल्यांत सर्वांत लहान भोक कोणतं आणि टिकलेल्यांत सर्वांत मोठं कोणतं. कमाल दाब या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. वीज नको, तार नको, नोंद करणारा माणूस नको. अशा पेट्या निरनिराळ्या अंतरांवर मांडल्या की दाब अंतरागणिक कसा उतरत गेला याचा आलेख मिळतो. मात्र प्रत्येक पेटी शून्य बिंदूपासून किती अंतरावर होती हे पक्कं माहीत हवं. पेटी उडून दुसरीकडे पडली तर ती सापडते कुठे याला अर्थ नाही. तिची मूळ खुंटी कुठे होती हे वहीत असायला हवं.

याउलट विजेवर चालणारी नाजूक यंत्रं. स्फटिकाचे दाबमापक होते, त्यांची आशा मोठी होती, पण हाती फारसं लागलं नाही. लुइस अल्वारेझच्या गटाने विमानातून पॅराशूटने सोडायचे दाबमापक बनवले होते. ते रेडिओवरून रीडिंग पाठवणार होते. ट्रिनिटीच्या दिवशी ढगाळ हवेमुळे ते सोडताच आले नाहीत. तीन आठवड्यांनी हिरोशिमावर मात्र सोडले गेले आणि चालले.

विजेच्या यंत्रांचा खरा शत्रू उष्णता नव्हती. स्फोटाच्या क्षणी निघणारा गॅमा किरणांचा लोंढा हवेत प्रचंड विद्युत स्पंद उठवतो आणि तो केबलींत घुसतो. असं काहीतरी होईल हे फर्मीने आधीच हेरलं होतं, म्हणून केबलींना धातूचं कवच, कित्येक ठिकाणी दुहेरी. तरीही बऱ्याच नोंदी या उपऱ्या सिग्नलने खाल्ल्या. सुरुंगाच्या कामावर आम्हालाही डिटोनेटरच्या तारेतून जिओफोनच्या (जमिनीची कंपनं टिपणाऱ्या यंत्राच्या) केबलीत शिरणारा खोटा सिग्नल छळायचा. इथे तोच त्रास कैक पटींनी मोठा. तशाही गदारोळात ब्रुनो रोस्सीने साखळी-अभिक्रिया किती वेगाने वाढली ते किरण टिपणारे वेगवान आयनीकरण-कक्ष आणि त्यांचा सिग्नल पडद्यावर रेखणारे ऑसिलोस्कोप लावून पकडलं. तिथे काळाचं एकक सेकंदाचा दहा कोटीवा भाग.

सर्वेक्षण खऱ्या अर्थाने कुठे लागतं ते आता कॅमेऱ्यांत दिसेल. ज्युलियन मॅक आणि बर्लिन ब्रिक्सनर यांनी पन्नासाहून अधिक कॅमेरे लावले होते. त्यांतले सर्वांत वेगवान सेकंदाला दहा हजार चित्रं घेणारे. अशा कॅमेऱ्यात शंभर फुटी रीळ जेमतेम सेकंदभर पुरते. बटण अर्धा सेकंद लवकर दाबलं तरी मतलबाची चित्रं हुकलीच म्हणून समजा. म्हणून शेवटची ४५ सेकंदं सगळं एका स्वयंचलित घड्याळाच्या हाती दिलेलं, जोसेफ मॅकिबेनने बांधलेल्या. शिवाय फिल्म सुरुवातीला वेग घेत असते, तिचा वेग एकसारखा नसतो, म्हणून तिच्या कडेवर ठरावीक अंतराने वेळेचे ठिपके उमटवावे लागतात. चित्रं मोजून वेळ काढली तर फसगत ठरलेली.

या चित्रांचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५० मध्ये छापलं आणि ते इतकं सुटसुटीत आहे की कागदावर करता येतं. आगीचा गोळा म्हणजे त्या क्षणी दाबलाटेची कड. ऊर्जा अंदाजे बरोबर हवेची घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग. टेलरच्या तक्त्यात २५ मिलिसेकंदांना त्रिज्या १३० मीटर आहे. १३० चा पाचवा घात सुमारे ३,७१३ कोटी. त्याला १.२५ ने गुणा, ०.०२५ च्या वर्गाने भागा. येते साधारण ७४ लाख कोटी ज्यूल. एक किलोटन म्हणजे ४.१८४ लाख कोटी ज्यूल. भागाकार पावणेअठरा. टेलरने एक सुधारगुणक लावून १६,८०० टन असा आकडा दिला.

आता त्या पाचव्या घाताकडे नीट पाहा. त्रिज्येत एक टक्का चूक झाली तर ऊर्जेत पाच टक्के. १३० मीटरांत एक टक्का म्हणजे १.३ मीटर. ९.१ किलोमीटरवरून १.३ मीटर केवढा दिसतो? अवघे २९ विकला, म्हणजे साधारण एका अंशाचा सव्वाशेवा भाग. कॅमेऱ्यापासून मनोऱ्याचं अंतर मोजण्यात नऊ मीटरची चूक झाली तरी ती एक दशांश टक्का; ती पोटात घालता येते. पण भिंगाचं नाभीय अंतर किंवा चित्रातली मोजपट्टी एक टक्क्याने चुकली तर मोजणी पाच टक्क्यांनी गेली. नवशिके अंतराची काळजी करत बसतात, आणि घात कोनात होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या नजरेत, ज्ञात अंतरावर, थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीने) जागा पक्की केलेल्या खुणा असाव्या लागतात. त्या नसतील तर हाती येतो तो नुसता फोटो.

आणखी एक बारकावा. टेलरने हवेची घनता घनमीटरला सव्वा किलो धरली, ती समुद्रसपाटीची. ट्रिनिटीची जागा सुमारे १,५०० मीटर उंचीवर. तिथली हवा पंधरा-वीस टक्के विरळ. चूक मोठी वाटते ना? पण घनता गणितात एकपट येते आणि त्रिज्या पाचव्या घाताने. हवेतली पंधरा-वीस टक्क्यांची चूक आणि त्रिज्येतली तीन-चार टक्क्यांची चूक, दोन्हींचा फटका सारखाच.

पुढे हॅरॉल्ड एजर्टन आणि सहकाऱ्यांनी यांत्रिक झडप नसलेले कॅमेरे बनवले. प्रकाश अडवण्या-सोडण्याचं काम ध्रुवण आणि चुंबकीय क्षेत्र करी, एक्स्पोजर काही मायक्रोसेकंदांचं. एक कॅमेरा, एक चित्र. म्हणून ओळीने अनेक लावायचे. मनोऱ्याच्या ताणतारांवरून आगीचे सुळे उतरताना दिसतात ती चित्रं त्यांचीच. १९४८ पासून आणखी एक पद्धत आली: अणुस्फोट दोनदा चमकतो. पहिली चमक तापलेल्या, अपारदर्शक झालेल्या दाबलाटेच्या कवचामागे झाकली जाते, मग कवच पारदर्शक होतं आणि दुसरी चमक फुटते. मधला मंद क्षण वीस किलोटनला सुमारे अकरा मिलिसेकंदांवर येतो आणि ताकदीच्या वर्गमुळाप्रमाणे लांबतो. हे मोजणाऱ्या उपकरणाला भँगमीटर म्हणतात. यात अंतर माहीत असण्याची गरजच नाही. नंतर हेच तत्त्व उपग्रहांवर चढलं ते याच कारणाने.

किरणोत्सारी रसायनाची पद्धत सगळ्यांत भरवशाची. बॉम्बचं इंधन, म्हणजे प्लुटोनियम, किती होतं हे माहीत असतं, ट्रिनिटीत सुमारे सहा किलो. स्फोटानंतरच्या मातीच्या चिमटीत न फुटलेलं प्लुटोनियम आणि विखंडनातून (अणुकेंद्रं फुटून) झालेली द्रव्यं यांचं प्रमाण काढलं की किती टक्के फुटलं ते कळतं. एक किलो पूर्ण फुटलं तर साधारण सतरा-अठरा किलोटन. नमुना लहान असला तरी चालतो, कारण मोजायचं असतं ते गुणोत्तर. हर्बर्ट अँडरसनच्या गटाने शिशाचं अस्तर लावलेल्या शर्मन रणगाड्यातून खड्ड्यात जाऊन माती उचलली आणि उत्तर काढलं १८.६ किलोटन. हा बॉम्ब जिथे बनला त्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्याच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये ट्रिनिटाइटमधल्या, म्हणजे वितळून काच झालेल्या वाळूतल्या, मॉलिब्डेनमची समस्थानिकं आधुनिक यंत्रांवर तपासून हा आकडा २४.८ किलोटन, अधिक-उणे दोन, असा सुधारला. त्यामुळे ‘ट्रिनिटी किती किलोटनची?’ याची तीन-चार उत्तरं जालावर सापडली तर गोंधळू नका. कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या साली, ते विचारा.

धक्का मोजणारे कपटे-पेट्या, कॅमेरे, माती: या तीन वाटा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि तीच त्या मोजणीची ताकद. एका वाटेची चूक दुसरीत शिरत नाही.

हिरोशिमा आणि नागासाकी चाचण्या नव्हत्या. तिथे माणसं होती, आणि मोजणी नंतर झाली. तरी सर्वेक्षणाच्या दृष्टीने तिच्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण तिथे खुंट्या आधी ठोकलेल्या नव्हत्या. मग बिंदू शोधला कसा? सावल्यांवरून. लखलखाटाने डांबर, लाकूड, दगड यांचा रंग पालटला आणि पुलाचा कठडा, खिडकीची चौकट यांच्यामागे मूळ रंग उरला. समजा मीटरभर उंच कठड्याची सावली दीड मीटर पडली आहे. म्हणजे प्रकाशाचा उतार दोनास तीन; स्फोट ९०० मीटर दूर असेल तर त्याची उंची ६०० मीटर. शहरभरच्या अशा सावल्यांच्या दिशा नकाशावर मागे ओढत न्यायच्या, त्या जिथे एकमेकींना छेदतील तो भूबिंदू, म्हणजे स्फोटाच्या बरोबर खालची जमिनीवरची जागा. आमच्या भाषेत ही उलटी छेदनमोजणीच. लॉस अलामोसचा रॉबर्ट सर्बर युद्धानंतर तिथे गेला तेव्हा टपाल कार्यालयात खिडकीच्या चौकटीची छाया त्याला सापडली. तिच्या कोनावरून उंची, आणि छायेची कड किती पुसट आहे त्यावरून आगीच्या गोळ्याचा आकार. बिंदूसारख्या दिव्याची सावली धारदार पडते, मोठ्या गोळ्याची कडेला विरते. त्याच्यासोबत गेलेले ब्रिटिश गणितज्ञ विल्यम पेनी वाकलेले ध्वजस्तंभ आणि चेपलेले डबे मोजत फिरत होते.

या मोजणीला अनेक दशकांनी एक शेपूट फुटलं. वाचलेल्या लोकांना किती किरणोत्सार मिळाला हे ठरवायला प्रत्येकाचं भूबिंदूपासूनचं अंतर लागतं, आणि जगभरचे किरणोत्साराच्या धोक्याचे निकष मोठ्या प्रमाणात त्याच अभ्यासावर उभे आहेत. किरणोत्साराची मात्रा काढण्याच्या २००२ च्या पद्धतीसाठी जुना अमेरिकी लष्करी नकाशा नव्या शहर-नकाशांवर बसवला तेव्हा दोन्ही नीट जुळेनात. जुळवणी झाल्यावर हिरोशिमाचा भूबिंदू सुमारे १५ मीटर पश्चिमेला सरकला, स्फोटाची उंची ५८० वरून ६०० मीटर झाली आणि ताकद १५ वरून १६ किलोटन. जुना नकाशा तपासल्याशिवाय वापरू नका हे आम्ही पोरांना सांगत आलो. याहून वजनदार उदाहरण मला तरी माहीत नाही.

जुलै १९४६, प्रशांत महासागरातलं बिकिनी प्रवाळद्वीप, अमेरिकेच्या पुढच्या चाचण्या. नव्वदाहून अधिक जहाजं आखणीबरहुकूम नांगरलेली, मध्यभागी नारिंगी रंगवलेली ‘नेवाडा’ युद्धनौका. पहिला बॉम्ब विमानातून टाकला आणि तो सुमारे ६५० मीटरने चुकला. सगळी मांडणी नेवाडाला शून्य बिंदू धरून केलेली. त्या एका चुकीने प्रत्येक यंत्राचं अंतर बदललं. ज्या गेजला मध्यम दाब अपेक्षित त्याला जबर बसला, ज्याला जबर त्याला किरकोळ. अशा वेळी पेनींचे पत्र्याचे साधे डबे कामी आले. ते कुठल्याही दिशेने चेपतात, कशावरही रोखून धरावे लागत नाहीत, आणि स्वस्त असल्याने हवे तेवढे पसरता येतात.

सर्व्हेअरबद्दल थेट विचारलंत, तर नाव घ्यायचं लेन बीडेलचं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ब्रिटिश चाचण्यांसाठी जागा शोधणारा हाच. ब्रिटनची पहिली चाचणी ३ ऑक्टोबर १९५२ ला माँटेबेलो बेटांवर ‘प्लिम’ या जहाजाच्या पोटात झाली, पण पुढच्यांसाठी जमीन हवी होती. वूमेरा या क्षेपणास्त्र-चाचणी तळाच्या वायव्येला शेकडो किलोमीटर आत, जिथे नकाशा जवळजवळ कोरा होता, बीडेलने एक सपाट, कडक चिकणमातीचं पात्र शोधलं. विमान थेट त्यावर उतरू शके. पेनी स्वतः उतरून जागा पाहून गेले. हे एमू फील्ड. इथे १५ आणि २७ ऑक्टोबर १९५३ ला दोन चाचण्या झाल्या. पाण्याची टंचाई आणि दळणवळण यांमुळे जागा गैरसोयीची ठरली आणि बीडेलनेच पुढे मारालिंगाची जागा शोधली.

ओळखीचा बेंचमार्क (आधी मोजून पक्की केलेली खूण) नाही, त्रिकोणीकरणाचं जाळं नाही. मग आपण कुठे आहोत हे कळणार कसं? ताऱ्यांवरून. रात्री थिओडोलाइट लावायचा, तारा मध्यान्हवृत्त ओलांडतो तेव्हाची उंची मोजून अक्षांश, आणि ताऱ्यांच्या वेळांवरून रेखांश. अक्षांशात एक विकला चूक म्हणजे जमिनीवर ३१ मीटर. रेखांश घड्याळावर अवलंबून: त्या अक्षांशावर वेळेत एका सेकंदाची चूक म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे ४०० मीटर. म्हणून रेडिओवरचे वेळेचे ठोके ऐकून कालमापक पडताळायचा, पुन्हा पुन्हा. आज उपग्रहावरून मिनिटभरात मिळणारी गोष्ट तेव्हा रात्रभर थंडीत कुडकुडत, नंतर लॉगॅरिदमची कोष्टकं उलगडून काढावी लागे. एकदा मूळ बिंदू पक्का झाला की मग मनोरा, कॅमेऱ्यांचे बंकर, वर्तुळांवरचे गेज हे सगळं नेहमीच्या साखळी-थिओडोलाइटचं काम.

सोव्हिएत संघाने २९ ऑगस्ट १९४९ च्या पहिल्या चाचणीसाठी सेमिपालातिन्स्कच्या स्तेपीत दहा किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून असंच केलं. यंत्रांसाठी उभारलेले काँक्रीटचे मनोरे अजून उभे आहेत.

रेषा सरळ ठेवण्याचा मासला पाहायचा तर १ नोव्हेंबर १९५२ ची, प्रशांत महासागरातल्या एनेवेटाक प्रवाळद्वीपावरची अमेरिकेची ‘माइक’ चाचणी. १०.४ मेगाटन, म्हणजे १०,४०० किलोटन. एलुगेलाब बेटावरच्या यंत्रापासून बोगोन बेटापर्यंत सुमारे २.७ किलोमीटर लांबीची प्लायवूडची चौकोनी नळी, आत हेलियम भरलेल्या पिशव्या. हवेत गॅमा आणि न्यूट्रॉन शोषले जातात, हेलियममधून बरेचसे पार होतात. त्यामुळे दूरच्या यंत्रांना पहिल्या क्षणाची खबर मिळे. ही नळी नुसत्या लेव्हलने बांधत गेलात तर फसाल. २.७ किलोमीटरमध्ये पृथ्वीच्या वक्रतेने क्षितिजसमांतर रेषा सुमारे ५७ सेंटिमीटर खाली झुकते, आणि किरण झुकत नाही. स्फोटानंतर बेटाच्या जागी सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि ५० मीटर खोल खड्डा उरला. त्याच प्रवाळद्वीपावर त्याच वर्षी केलेलं छिद्रण सुमारे १,४०० मीटरवर ज्वालामुखी खडकाला लागलं आणि प्रवाळबेटं खचणाऱ्या ज्वालामुखीवर वाढतात हा डार्विनचा शंभर वर्षांहून जुना तर्क खरा ठरला. बॉम्बच्या तयारीतून निघालेलं हे एक निरुपद्रवी फळ.

बाकी फळं कडू होती, आणि मोजणीवाल्यांनी ती झाकू नयेत. खुंट्यांच्या वर्तुळात सेंटिमीटरचा हिशेब होता, वर्तुळाबाहेर अंदाजपंचे. ट्रिनिटीची किरणोत्सारी धूळ चुपादेरा पठाराच्या बाजूला पडली, तिथल्या रहिवाशांना आधी हलवलं नव्हतं. १ मार्च १९५४ च्या बिकिनीवरच्या ‘ब्राव्हो’ चाचणीला सहा मेगाटनचा अंदाज होता, निघाले पंधरा, आणि राख राँगेलाप बेटावरच्या लोकांवर आणि एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. एमूच्या पहिल्या चाचणीनंतर वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या आदिवासींनी काळं धुकं आल्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या १९८४-८५ च्या चौकशी आयोगाने निष्कर्ष काढला की वाऱ्याची स्थिती घातक धूळ देणारी आहे हे आधीच्या गणितातून दिसत असतानाही स्फोट केला गेला, आणि वॉलाटिना व वेलबर्न हिल इथे माणसं राहतात हे विचारातच घेतलं नाही. मे १९५७ मध्ये मारालिंगाच्या एका स्फोट-खड्ड्यालगत एक आदिवासी कुटुंब मुक्काम करून राहिलेलं आढळलं. त्या विस्तीर्ण प्रदेशात तिथल्या लोकांवर लक्ष ठेवायला अगदी मोजके अधिकारी होते. बीडेलला स्वतःला एमूच्या परिसरात आदिवासींनी रचलेल्या दगडांच्या ओळी सापडल्या होत्या. म्हणजे माणसाची खूण सर्व्हेअरच्या वहीत होती, आखणीच्या नकाशावर नव्हती.

शेवटी पोखरणबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. १८ मे १९७४ चा स्फोट १०७ मीटर खोल होता. तिथे आगीचा गोळा दिसत नाही, दुहेरी चमक नाही, कागद हलत नाही. हाती राहतो खड्ड्याचा आकार, जमिनीची हालचाल, खडकातला नमुना आणि दूरच्या भूकंपमापकांची नोंद. कर्नाटकातलं गौरीबिदनूरचं भूकंपमापक-जाळं १९६० च्या दशकातलं, असल्याच कामासाठी उभं केलेलं. पण भूकंपाच्या मापावरून ताकद काढायची तर खडक कोणता, ओला की कोरडा, किती खोल, हे सगळं आड येतं. मापात ०.२ चा फरक पडला की ताकद जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी होते. दूरच्या दोन केंद्रांत ०.२ चा फरक ही रोजची गोष्ट आहे. म्हणून १९७४ आणि १९९८, दोन्ही वेळच्या आकड्यांवर जाणकारांत मतभेद झाले. तो वाद मिटवायला भूकंपाची नोंद एकटी पुरत नाही. त्याला लागतो खडकातला नमुना आणि त्या जागेच्या खडकाची प्रत्यक्ष केलेली मोजणी.